वाकावी, पण चेपू नये

३० मे १९५८ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीचा पहिलाच फेरा चालू होता. तिसऱ्या वळणावर पुढच्या गाड्या एकमेकींना भिडल्या, मागच्या त्यांच्यावर येऊन आदळल्या आणि बघता बघता पंधरा गाड्या त्या अपघातात सापडल्या. पॅट ओ'कॉनर या चालकाची गाडी उलटली. त्या काळच्या शर्यतीच्या गाड्या वरून उघड्या असत आणि चालकाचे डोके हाच गाडीचा सर्वांत उंच भाग असे. ओ'कॉनर वाचला नाही. पुढच्या वर्षीपासून त्या शर्यतीत उतरणाऱ्या गाड्यांना चालकाच्या पाठीमागे पोलादी नळीची कमान सक्तीची झाली. फॉर्म्युला वनने असाच नियम १९६१ साली केला.

त्या पहिल्या कमानींची छायाचित्रे आज पाहिली तर काळजात धस्स होते. कित्येक कमानी चालकाच्या हेल्मेटपेक्षाही ठेंगण्या होत्या, कित्येकींना मागून आधाराचा तिरका दांडाच नव्हता. तरीही सुरुवात झाली ती तिथूनच. पुढे एका कमानीच्या दोन झाल्या, त्यांना आडवे-तिरके दांडे जोडले गेले आणि चालकाभोवती नळ्यांचा पुरता पिंजरा उभा राहिला. गाडी कितीही कोलांट्या खावो, आत बसलेल्या माणसापुरती जागा शाबूत राहिली पाहिजे, एवढेच त्याचे काम. जगभरच्या गॅरेजांत त्याला ‘रोल केज’ म्हणतात. या पिंजऱ्याचा खरा कस लागतो तो नळीच्या वळणात. पोलादाची नळी वाकवायची, पण तिची ताकद घालवायची नाही, ही विद्या हाती यायला दीडशे वर्षे लागली. तिच्यातला फार मोठा वाटा मोठ्या कारखान्यांचा नसून घरामागच्या शेडमध्ये स्वतःची गाडी स्वतः जोडणाऱ्या माणसांचा आहे.

मुळात नळी हीच अवघड वस्तू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे लागू लागले आणि तो वायू वाहून नेण्यासाठी लोखंडी नळ्यांची गरज पडली. नेपोलियनबरोबरची युद्धे १८१५ साली संपली होती आणि बंदुकांच्या नळ्या पडून होत्या. त्याच एकीला एक जोडून दिव्यांपर्यंत वायू नेला गेला. बंदुकीची नळी तेव्हा तापवलेली पट्टी गोल वळवून, कडा ऐरणीवर ठोकून जोडत. वीतभर नळीला घटकाभर हातोडा चालवावा लागे. १८२५ साली इंग्लंडच्या वेन्सबरी गावातल्या कॉर्नेलियस व्हाइटहाउसने यावर तोड काढली. लालबुंद पट्टी एका साच्यातून ओढून काढायची, म्हणजे कडा आपोआप दाबल्या जाऊन एकजीव होतात. वायूच्या नळ्या स्वस्त झाल्या, पण त्यांना सांधा होताच, आणि नळी वाकवली की ती आधी सांध्यावर उकलायची.

बिनसांध्याची नळी आली जर्मनीतल्या रेम्शाइड गावातून. तिथे मानेसमान घराण्याचा कानशी बनवायचा कारखाना होता. राइनहार्ड आणि मॅक्स या भावांनी १८८५ च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट साधली. तापलेली भरीव सळई एकमेकांशी तिरक्या ठेवलेल्या दोन रुळांमधून फिरवत पुढे सरकवली, की तिच्या गाभ्यावर असा ताण येतो की गाभा आतून उघडतो आणि सळईची नळी होऊ लागते. लगोलग दहा वर्षांत सायकलची लाट आली. सायकलीला हलकी, पातळ आणि तरीही दणकट नळी हवी होती. बर्मिंगहॅममध्ये खिळे बनवणाऱ्या रेनॉल्ड्सच्या घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ साली टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. जोड टोकांना लागतो, जोर टोकांवर येतो, तर जाडीही तिथेच असावी, असा त्याचा सरळ हिशोब. या नळ्या मिळू लागल्या आणि हँडल, फोर्क, सीटचा दांडा वळवणारे कारागीर गावोगाव तयार झाले.

ते नळी वाकवत कशी, हे जवळून बघण्यासारखे आहे. नळीचे एक टोक लाकडी खुंटीने बंद करायचे. मग चाळलेली बारीक वाळू आत ओतत जायचे आणि ओतताना नळीवर बाहेरून हलके टोले मारत राहायचे, म्हणजे वाळू दबून बसते. वाळू आधी भाजून कोरडी ठणठणीत केलेली असावी लागते. तिच्यात ओल राहिली तर नळी भट्टीत जाताच त्या पाण्याची वाफ होते आणि खुंटी बंदुकीच्या गोळीगत उडते. दुसरे टोकही ठोकून बंद केले की जिथे वळण हवे तेवढाच भाग लाल होईस्तोवर तापवायचा आणि गोलाईच्या लोखंडी ठोकळ्याभोवती सावकाश ओढायचा. ओढताना बाहेरची बाजू जास्त ताणली जातेय असे दिसले तर तिथे पाण्याची धार सोडून ती थंड करायची. आतली वाळू भिंतीला पाठीमागून टेकू देते, म्हणून नळी गोलच राहते. काही कारागीर वाळूऐवजी राळ किंवा शिसे ओतत आणि काम झाल्यावर वितळवून काढत. बिगुलाच्या जातीची पितळी वाद्ये बनवणाऱ्यांचीही रीत हीच.

१९२५ साली जर्मनीच्या बाउहाउस शाळेत शिकवणाऱ्या मार्सेल ब्रॉयरने आडलर सायकलचे वळवलेले हँडल पाहिले आणि अशाच नळीची खुर्ची का होऊ नये, असे त्याच्या मनात आले. मानेसमानच्या नळ्या आणि नळकाम करणाऱ्या एका कारागिराची मदत घेऊन त्याने ती केली. अशा नळीच्या खुर्च्या पुढे दवाखान्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत पोचल्या. गाड्यांच्या गोष्टीत मात्र महत्त्वाचा धागा विमानांचा आहे.

पहिल्या महायुद्धात आन्थनी फोकरच्या कारखान्यात राइनहोल्ड प्लाट्झ हा वेल्डर-अभियंता विमानाचे धड लाकडाऐवजी वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचे बनवत होता. १९१७ चे लाल रंगातले प्रसिद्ध तीन पंखांचे लढाऊ विमान आतून असेच नळ्यांचे होते. पुढे विमानांसाठी क्रोमियम आणि मॉलिब्डेनम थोडे-थोडे मिसळलेले पोलाद आले. त्याला ‘क्रोमोली’ म्हणतात आणि त्याच्या सर्वांत प्रचलित प्रतीचा क्रमांक ४१३० आहे. साध्या पोलादापेक्षा ते बरेच चिवट असते आणि नीट काळजी घेतली तर वेल्डिंगही घेते. दुसरे महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात विमानांच्या कारखान्यांचा शिल्लक माल कवडीमोलाने विकायला निघाला. लष्करातून परतलेली, वेल्डिंग आणि लेथ शिकलेली तरुण पोरे त्या मालावर तुटून पडली. बिल बर्क नावाच्या गड्याने १९४६ साली लढाऊ विमानाच्या पंखाखालची इंधनाची टाकी आणली, तिच्यात इंजिन बसवले आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर ती गाडी पळवली. असल्या गाड्यांना कारखाना नव्हता, आराखडा नव्हता, तपासणीस नव्हता. १९५१ मध्ये वॉली पार्क्सने ड्रॅग शर्यतींसाठी संघटना उभी केली ती याच पोरांना रस्त्यावरून मैदानात आणायला. मैदान आले की नियम आले, आणि नियमांबरोबर कमानीही आल्या.

आता प्रश्न असा की नळी वाकवायचीच कशाला? सरळ तुकडे कापून वेल्ड केले तर काय बिघडले? मर्सिडीजच्या रूडॉल्फ उलेनहाउटने १९५२ च्या ३०० एसएल शर्यतगाडीचा सांगाडा तसाच बनवला होता. बारीक सरळ नळ्यांची त्रिकोणी जाळी, जिच्यात प्रत्येक नळीवर फक्त दाब किंवा ताण येईल, वाकवणारा जोर येणारच नाही. तो सांगाडा अतिशय हलका झाला. फक्त बाजूने जाळी इतकी उंच आली की दार नेहमीसारखे उघडेना, म्हणून ते पंखासारखे वर उघडावे लागले. त्या गाडीने त्याच वर्षी ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली. अभियंत्याच्या कागदावर सरळ नळीच श्रेष्ठ, यात वाद नाही.

चालकाच्या डोक्यावरून जाणाऱ्या कमानीला मात्र ही सोय नाही. गाडी उलटते तेव्हा सगळा मार वरच्या दोन कोपऱ्यांवर बसतो. तिथेच नळी कापून जोडली तर वेल्डिंगलगतचा तापून बदललेला धातू नेमका माराच्या जागी येतो. अखंड नळी वाकवली तर कोपऱ्यात जोडच उरत नाही, आणि मार जास्तच झाला तर ती तुटण्याऐवजी दुमडत जाऊन धक्का गिळते. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या म्हणजे एफआयएच्या नियमांत मुख्य कमान एकाच अखंड नळीची हवी, मध्ये जोड चालत नाही. साध्या कार्बन पोलादाची, थंड स्थितीत ओढलेली बिनसांध्याची नळी. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि अडीच मिलिमीटर भिंत, किंवा ५० व्यास आणि २ मिलिमीटर भिंत. वळणाची त्रिज्या नळीच्या मध्यरेषेवर मोजून व्यासाच्या किमान तिप्पट. आणि वाकवताना नळी लंबगोल झालीच, तर तिचा लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नऊ दशांशापेक्षा कमी भरता कामा नये.

या शेवटच्या दोन अटींमागे काय दडले आहे ते एका वळणाचा हिशोब मांडला की कळते. ४५ मिलिमीटरची नळी १३५ मिलिमीटर त्रिज्येत काटकोनात वाकवली, तर मध्यरेषेवर वळणाची लांबी २१२ मिलिमीटर येते. बाहेरच्या कडेने तीच २४७ होते आणि आतल्या कडेने १७७. म्हणजे आधी सारख्याच लांबीच्या असलेल्या दोन कडांमध्ये ७० मिलिमीटरचा फरक पडला, आणि हे सगळे धातूने भट्टीशिवाय, थंड स्थितीत सोसायचे. बाहेरची भिंत ताणून पातळ होते. आतली दाबून जाड होते, आणि मागून आधार नसेल तर शर्टाच्या बाहीला कोपराच्या आत पडतात तशा चुण्या पडतात. शिवाय दोन्ही भिंतींना मध्यरेषेकडे सरकायचे असते, म्हणून नळी चपटी होऊ पाहते. नळीचा कणखरपणा तिच्या उभ्या व्यासावर अवलंबून असतो. ती चेपली की कणखरपणा झपाट्याने उतरतो, आणि तोही नेमक्या माराच्या जागी. चुणी पडली तर प्रकरण आणखी वाईट. पुढच्या वेळी जोर आला की नळी त्याच चुणीवर मोडणार.

यावरचा उपाय म्हणजे फिरत्या डायचे बेंडर. त्यात नळी एका खोबणीच्या चाकाला, म्हणजे डायला, पकडीने आवळतात आणि डाय फिरवून नळी त्याच्याभोवती ओढून घेतात. बाहेरून दुसरी खोबण नळीला दाबून धरते. खोबण नळीच्या व्यासाला तंतोतंत जुळली, तर नळीला पसरायला वावच राहत नाही. पातळ नळीसाठी आतून मँड्रेल, म्हणजे नळीत बसणारा गुळगुळीत दांडा, सरकवतात. वाळूने केलेले काम आता पोलादाचा तुकडा करतो. शिवाय नळी सोडली की ती थोडी उलट उघडते, म्हणून नव्वद अंश हवे असतील तर त्याच्या दोन-चार अंश पुढे जावे लागते. किती, ते पोलादाच्या प्रतीवर आणि भिंतीच्या जाडीवर ठरते. म्हणून जाणता कारागीर नव्या मालाचा पहिला तुकडा नेहमी चाचणीसाठी वाकवतो आणि तो अंश डायवर खडूने लिहून ठेवतो.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्टॉक कार शर्यतींमध्ये हे ज्ञान अपघातागणिक वाढत गेले. बाजारात मिळणाऱ्या साध्या गाड्या घेऊन त्यांत हाताला लागेल तो पाइप घालणारे गडी होते ते. ९ मे १९७० रोजी डार्लिंग्टनच्या शर्यतीत रिचर्ड पेटी या चालकाची गाडी भिंतीवर आदळून पुन्हा पुन्हा उलटली. पिंजरा टिकला, पण उलटताना पेटीचा हात आणि डोके खिडकीबाहेर फेकले जात होते. तो खांदा निखळण्यावर वाचला, आणि पुढे चालकाच्या खिडकीला जाळी आली. पिंजऱ्यातल्या एका तिरक्या दांड्याला गॅरेजवाले आजही ‘पेटी बार’ म्हणतात. १९९६ साली टॅलाडेगाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट या चालकाच्या गाडीचा अपघात झाला, त्यानंतर पुढच्या काचेच्या मधोमध उभा दांडा आला, तो ‘अर्नहार्ट बार’. इथे जवळजवळ प्रत्येक नळीमागे कुणाचा तरी अपघात असतो.

घरी गाडी बनवणाऱ्यांची खरी पंढरी मात्र मेक्सिकोतला बाखा कॅलिफोर्निया हा ओसाड पट्टा. बोटी बांधणाऱ्या ब्रूस मायर्सने फोक्सवागन बीटलच्या चासीवर फायबरग्लासची हलकी बग्गी चढवली होती. एप्रिल १९६७ मध्ये त्याने आणि टेड मॅंगल्सने ती ला पाझपासून तिहुआनापर्यंत ३४ तास ४५ मिनिटांत आणून दाखवली आणि मोटरसायकलस्वारांच्या नावावर असलेला विक्रम पाच तासांनी मोडला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पहिली मेक्सिकन १००० शर्यत निघाली. पुढे ती बाखा १००० म्हणून गाजली. मॅंगल्स आणि व्हिक विल्सन यांनी पहिली शर्यत मायर्सच्याच बग्गीत २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. खडक, खड्डे आणि वाळू यांत फायबरग्लास फार टिकत नाही, हे मात्र सगळ्यांना लगेच उमगले. तीनच वर्षांत ड्रिनो मिलरने नळ्यांचा सांगाडा असलेली बग्गी उतरवून विल्सनसोबत ती शर्यत १६ तासांच्या थोड्या वर जिंकली. त्या बग्गीत पिंजरा आणि चासी वेगळे नव्हते. पिंजरा हीच गाडी होती, इंजिन आणि चाके त्याला लटकलेली. याच घराण्यातली, कॅलिफोर्नियातल्या शेनॉथ कंपनीची बग्गी १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी लष्कराने वापरली.

बाखाने गॅरेज-कारागिरांची एक पिढी घडवली आणि त्यांच्यासाठी हाताने ओढायच्या बेंडरचा धंदाही. जमिनीत रोवलेला खांब, लांब दांडा, बदलता येणारा डाय. असले यंत्र घरच्या शेडमध्ये मावते आणि एक माणूस चालवू शकतो. पण नवशिक्यांची एक चूक जगभर सारखीच आढळते, आणि ती जिवावर बेतणारी आहे. नळकामाच्या दुकानात मिळणारे हायड्रॉलिक जॅकचे बेंडर ते उचलतात. ते यंत्र पाण्याच्या जाड भिंतीच्या पाइपासाठी केलेले असते. दोन टोकांना टेकू आणि मधून जॅकचा दट्ट्या. त्यात बाजूने नळीला धरणारे काहीच नसते, म्हणून पिंजऱ्याची पातळ नळी वळणावर हटकून चेपते. मापाचाही घोळ असतो. एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात सुमारे ३३.७ मिलिमीटर भरतो, कारण पाइप आतल्या पोकळीच्या नाममात्र मापावर विकला जातो. एक इंची ट्यूब मात्र बाहेरून बरोबर २५.४ मिलिमीटर असते. एकाच्या डायमध्ये दुसरी घातली की ती सैल बसते आणि सैल बसली की चेपते. सांधा असलेली नळी वापरायची झाली, तर जाणते लोक सांध्याची रेघ वळणाच्या बाहेरच्या कडेला कधीच येऊ देत नाहीत. ती बाजूला ठेवतात, जिथे धातू ना ताणला जातो ना दाबला जातो.

शर्यतीपलीकडे या वाकलेल्या नळीने सर्वांत जास्त माणसे वाचवली ती शेतात. ट्रॅक्टर उलटून चालक खाली चिरडला जाणे ही जगभरच्या शेतकऱ्यांची जुनी व्यथा. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक कमान किंवा केबिन सक्तीची केली. पुढे जुन्यांनाही ती लावली गेली. १९६० ते १९९० या काळात तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू लाख ट्रॅक्टरांमागे १७ वरून ०.३ वर आले. शेतीयंत्रांच्या इतिहासात इतका स्वच्छ निकाल देणारी दुसरी दुरुस्ती सापडणे कठीण. भारतात रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या आसनामागे अशी कमान नसते. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत बांधाच्या कडेने आणि कालव्याच्या भरावावरून जाणारे ट्रॅक्टर रोज पाहणाऱ्या महाराष्ट्रात हा विषय शर्यतींपेक्षा कितीतरी जवळचा आहे. त्याची चर्चा गावोगावी व्हायला हवी. ती फक्त अपघाताच्या दिवशी होते आणि दहाव्यापर्यंत विसरली जाते.

नळी मिळत नाही, अशी सबब इथे चालणार नाही. जमशेदपूरला इंडियन ट्यूब कंपनी १९५४ पासून उभी होती. महाराष्ट्रात अहिल्यानगर आणि बारामतीला बिनसांध्याच्या नळ्यांचे कारखाने आहेत, रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ आणखी एक आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हवी ती नळी मिळते. हातही आहेत. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, पुण्याजवळची भोसरी किंवा चाकण, कुठेही गेले तरी कागदावरच्या आकृतीवरून वस्तू उभी करणारा फिटर सापडतो. सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातले भाग जोडून, किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. ती २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नसल्याचे स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. नियमांचा तो मुद्दा पिंजऱ्यालाही लागू आहे. रोजच्या गाडीत हौसेने रोल केज बसवणे धोक्याचे आहे, कारण हेल्मेट नसलेले डोके साध्या धडकेतही जवळच्या पोलादी नळीवर आपटते. पिंजरा शोभतो तो हेल्मेट, चार-पाच ठिकाणी धरणारा पट्टा आणि नळीवरचे जाड आवरण यांच्या सोबतीने, बंद मैदानात.

अशी बंद मैदाने आता विद्यार्थ्यांसाठी खुली आहेत. १९७६ साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात मिनी बाखा नावाची स्पर्धा सुरू झाली. विद्यार्थ्यांनी एका माणसाची, दगडधोंड्यांतून जाणारी गाडी स्वतः बनवायची, इंजिन सगळ्यांना सारखेच. भारतात ती २००७ पासून एसएई इंडिया ही वाहन-अभियंत्यांची संस्था भरवते आणि तिचे मुख्य ठिकाण इंदूरजवळचे पीथमपूर. पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिक, नागपूरची अभियांत्रिकीची मुले वर्षभर रात्री वर्कशॉपमध्ये जागून ही गाडी घेऊन तिथे पोचतात. आकडेमोड पाठ असलेल्या मुलांचा वाळू, चुणी, डाय आणि वेल्डिंगच्या जगाशी पहिला परिचय इथे होतो.

त्यांच्यापुढचा पेच जुन्याच विद्येतून येतो. स्पर्धेच्या नियमांत मुख्य नळीचे मूळ माप आहे २५.४ मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर भिंत आणि किमान ०.१८ टक्के कार्बन. पण वाकण्याला तितकाच विरोध करणारी दुसरी नळी गणित मांडून सिद्ध केली तर तीही चालते, फक्त भिंत १.५७ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. मग मुले गणित मांडतात. मूळ नळी मीटरला १.६६ किलो भरते. सव्वा इंच व्यासाची, १.६५ मिलिमीटर भिंतीची क्रोमोली नळी १.२२ किलो भरते आणि कणखरपणात उलट तीस टक्के पुढे जाते. एका पिंजऱ्यात पंचवीस-तीस मीटर नळी लागली, तर अकरा-तेरा किलोंची बचत. दहा अश्वशक्तीच्या इंजिनाला ती चढावर लगेच जाणवते. कागदावर निकाल लागलेला असतो.

मग नळी बेंडिंगवाल्याकडे जाते आणि तिथे अडते. जाड भिंतीची लहान नळी कसल्याही साध्या डायमध्ये निमूट वाकते, कारण तिचा व्यास भिंतीच्या साडेआठ पटच असतो. पातळ नळीत हे प्रमाण एकोणीस पट होते. तिला नेमक्या मापाचा डाय लागतो, घट्ट वळण असेल तर आतून मँड्रेल लागतो, आणि सव्वा इंची ट्यूबचा डाय प्रत्येक दुकानात नसतोच. एका स्पर्धेसाठी नवा डाय लेथवर कापून घेणे महागात पडते. म्हणून ज्या संघांनी आधी एक-दोन गाड्या केल्या आहेत ते आराखडा संगणकावर काढण्याच्या आधीच भोसरी-चाकणच्या दुकानांत फेरी मारतात. कोणत्या व्यासाचे आणि कोणत्या त्रिज्येचे डाय आहेत, मँड्रेल आहे का, दोन वळणांमध्ये पकडीसाठी किती सरळ नळी लागते, हे विचारून घेतात. दुकानदाराने लिहून दिलेल्या त्या चार-पाच मापांवरून पिंजऱ्याचे पहिले चित्र निघते. स्पर्धेच्या तपासणीत वेल्डिंगचे नमुने मोडून पाहिले जातात, नळीची जाडी मोजली जाते आणि प्रत्येक वळणावर बोट फिरवून चुणी शोधली जाते.